ऑफ-पंप बायपास: ओएमसाठी हृदय उचललं की प्रेशर पडतं, आधी काय बघायचं?

भूलशिकाऊ
प्रश्न बीटिंग हार्ट बायपासचा आहे (हार्ट-लंग मशीन, म्हणजे पंप न लावता चालत्या हृदयावर केलेला), ॲनेस्थेशियाच्या बाजूने. लिमा-एलएडी (छातीतली डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या कोरोनरीला जोडणं) होईपर्यंत सगळं शांत असतं. ओएमसाठी (डाव्या-मागच्या बाजूची कोरोनरी शाखा) हृदय उभं केलं आणि स्टॅबिलायझर (शिवायची जागा स्थिर धरणारं उपकरण) बसला की सिस्टोलिक ११० वरून ७० वर येतं, मीन (सरासरी प्रेशर) पन्नाशीत जातं. सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरांमधला दाब) मात्र ८ वरून १६-१८. पुस्तकात एका ओळीत उत्तर आहे: डोकं खाली, व्हॉल्यूम, व्हॅसोप्रेसर. पण सीव्हीपी एवढं असताना व्हॉल्यूम द्यायचं? नॉरॲड्रेनालिन कुठवर वाढवायचं? सर्जनना 'हृदय खाली ठेवा' नक्की कधी म्हणायचं? एसटीवर (ईसीजीतला रक्तपुरवठा कमी पडल्याचं दाखवणारा भाग) जावं तर ईसीजीचे कॉम्प्लेक्सच इतके बारीक होतात की काही धड दिसत नाही.

सातशून्य
प्रेशर किती पडलं याच्या आधी, कधी पडलं ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

हृदय उचलताक्षणी किंवा स्टॅबिलायझर टेकताक्षणी पडलं तर कारण यांत्रिक आहे. उचलल्यावर ठीक होतं, शिरेला (म्हणजे कोरोनरीला) स्नेअर (रक्त थांबवणारा फास) आवळल्यावर दोन-तीन मिनिटांनी हळूहळू उतरायला लागलं आणि सोबत पीए (फुप्फुसाच्या धमनीतलं) प्रेशर चढलं, तर तो इस्केमिया (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणं). सगळं संपून स्नेअर सोडल्यावर पडलं तर हवा गेली, ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली नळी) मुरगळला किंवा ॲनॅस्टोमोसिस (शिवलेला जोड) बिघडली. तिन्हींना उपाय वेगळे आहेत. नॉरॲड्रेनालिन तिन्हींत चालतं, म्हणूनच ते फसवतं.

तुम्ही लिहिलंय तो पहिला प्रकार दिसतो. हृदयाचं टोक छताकडे गेलं की उजवी जवनिका उजव्या बाजूच्या पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) आणि स्टर्नमच्या (छातीचं हाड) कडेत चेपते. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी, त्यामुळे भरणंच थांबतं. डावीकडे रक्त पोचत नाही, स्ट्रोक व्हॉल्यूम घसरतो. सीव्हीपी वाढलंय ते या चेपण्यामुळे आणि टेबल डोक्याकडे उतरवल्यामुळे. त्या आकड्यावरून 'पेशंट भरलाय' असं समजू नका.

आम्हा सर्जनच्या बाजूने करायच्या गोष्टी: उजवा प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) उघडणं आणि उजवीकडचा पेरिकार्डियम डायफ्रॅमच्या कडेने आयव्हीसीच्या (खालून येणारी महाशीर) दिशेने सोडणं, म्हणजे हृदयाला उजव्या छातीत कलायला जागा मिळते. उजव्या बाजूचे पेरिकार्डियमचे ओढटाके ढिले करायचे. हे टाके ताणलेले ठेवून हृदय उचलणं ही सगळ्यात सामान्य चूक. त्याने उजव्या जवनिकेला भिंतीवर दाबल्यासारखं होतं. खोल पेरिकार्डियल टाका डाव्या खालच्या पल्मोनरी व्हेन आणि आयव्हीसीच्या मधे घेतात. तो उथळच घ्यायचा, मागे अन्ननलिका आणि उतरती महाधमनी आहे. त्यातून ओवलेल्या टेपने ओढलं की हृदय हाताने न दाबता वर येतं.

स्टॅबिलायझर दाबायचा नसतो, टेकवायचा असतो. सक्शन साधारण ४०० मिमी पाऱ्याच्या आसपास. त्याचे पाय चिकटले की त्याचा हात किंचित वर उचलून मगच लॉक करा. खाली ढकलून लॉक केला तर शीर छान स्थिर दिसते आणि प्रेशर गायब होतं.

भूलघर
सातशून्य यांनी सर्जनची बाजू सांगितली, आता पडद्याच्या अलीकडची.

तयारी हृदय उचलायच्या आधी व्हायला हवी. टेबल डोक्याकडे १५-२० अंश खाली आणि उजवीकडे कललेलं. पोटॅशियम ४.५ च्या आसपास, मॅग्नेशियम दिलेलं. मीन ७५-८० वर नेऊन मग उचलू द्यायचं, म्हणजे पडायला थोडी जागा राहते. व्हॉल्यूमबद्दल: ट्रेंडेलेनबर्ग हाच पहिला बोलस समजा, आणि तो परत घेता येतो. बाटलीतून दोन-तीनशे मिली द्या, लिटर नको. हृदय खाली आल्यावर तेच रक्त परत येतं आणि उजवी जवनिका फुगते.

नॉरॲड्रेनालिन छोट्या डोसने. ॲड्रेनालिन, डोब्युटामिनकडे लगेच वळू नका. रेट ११० झाला की शीर अधिक हलते, हृदयाची ऑक्सिजनची भूक वाढते आणि सर्जनचा प्रत्येक बाइट अवघड होतो. रेट ६०-८० बरा.

एसटीचं म्हणाल तर तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हृदय उभं झालं की लीडच्या मानाने त्याचा अक्ष बदलतो, व्होल्टेज घटतं. म्हणून उचलून, स्थिर करून, स्नेअरच्या आधी जो ईसीजी दिसतो तोच नवा पाया धरा आणि त्याच्याशी तुलना करा. टीईईमध्ये (अन्ननलिकेतून केलेली इको) ट्रान्सगॅस्ट्रिक (जठरातून दिसणारं) चित्र जवळजवळ जातं, कारण हृदय जठरापासून दूर गेलेलं असतं. मिड-इसोफेजियल (अन्ननलिकेतून दिसणारं) टिकतं. तिथे दोन गोष्टी बघा: मायट्रल झडपेची नवी गळती आणि उजवी जवनिका. गळती उचलताच आली तर ॲन्युलस (झडपेचं कडं) पिळला गेलाय, हृदयाचा कोन बदलला की जाते. स्नेअरनंतर आली तर पॅपिलरी स्नायू उपाशी आहे.

'खाली ठेवा' कधी म्हणायचं? डोकं खाली, थोडं व्हॉल्यूम आणि छोटा व्हॅसोप्रेसर देऊनही दोन-तीन मिनिटांत मीन ६० च्या वर येत नसेल, तर मोठ्याने म्हणा. शीर उघडायच्या आधी म्हणा. आर्टेरिओटॉमी झाल्यावर सर्जनला थांबता येत नाही, आणि तुमच्या हातातला सोपा पर्याय गेलेला असतो.

तापमान विसरू नका. पंप नाही म्हणजे हीट एक्स्चेंजर नाही. छाती उघडी, पाय उघडे. ३५ च्या खाली गेलात की फायब्रिलेशन आणि रक्तस्राव दोन्ही दाराशी.

भूलशिकाऊ
धन्यवाद, 'कधी पडलं' हे डोक्यात बसलं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे इस्केमियात, शंट (शिवत असताना शिरेतून रक्त चालू ठेवणारी बारीक नळी) नेहमीच घालावा का?

सातशून्य
नेहमीच घालणारे आहेत, गरजेपुरता घालणारेही आहेत. माझं मत: मोठी शीर, मध्यम ब्लॉक आणि कोलॅटरल (आडवाटेने रक्त पुरवणाऱ्या शिरा) नाहीत, तिथे घालाच. उलट वाटेल, पण पूर्ण बंद शीर आवळली तर सहसा काही होत नाही, तिचा भाग आधीच दुसरीकडून जगतोय. ७० टक्के ब्लॉकवाली शीर आवळली की गडबड. ग्राफ्टचा क्रमही यावरूनच ठरतो: लिमा-एलएडी आधी करून रक्त सुरू करायचं, मग कोलॅटरल घेणारी शीर, कोलॅटरल देणारी शेवटी.

शंट १ ते ३ मिमीपर्यंत मिळतात. मोठा कोंबला तर इंटिमा (शिरेचं आतलं अस्तर) सोलते, लहान घातला तर कडेने रक्त येत राहतं. आर्टेरिओटॉमी ५ मिमीच्या आसपास. ब्लोअरमध्ये (शिवायच्या जागेवरचं रक्त फुंकून बाजूला करणारं उपकरण) कार्बन डायऑक्साइड असतो कारण तो रक्तात विरघळतो, साधी हवा नाही. प्रवाह ५ लिटर प्रतिमिनिटाच्या आत, सोबत सलाइनचा फवारा, आणि फक्त सुई घालतानाच. सतत फुंकत राहिलं तर इंटिमा उचकटते. शेवटची गाठ मारायच्या आधी शंट त्याच्या दोऱ्याने काढा, स्नेअर क्षणभर सोडून हवा बाहेर येऊ द्या, मग गाठ.

ओएमच्या ग्राफ्टची लांबी हृदय खाली ठेवून, भरलेलं असताना मोजा. उचललेल्या हृदयावर मोजलेली व्हेन बंद छातीत हमखास वळते नाहीतर ताणते. फ्लो मोजायचा तोही स्टॅबिलायझर काढून, प्रेशर सुधारल्यावर: २० मिली प्रतिमिनिटाच्या वर आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहातला चढउतार दाखवणारा आकडा) ५ च्या खाली. इंडेक्स जास्त आला तर मूळ शीर वरच्या बाजूला क्षणभर दाबून पुन्हा मोजा. सुधारला तर मूळ शिरेतून येणारा स्पर्धेचा प्रवाह होता. तसाच राहिला तर ॲनॅस्टोमोसिस उघडून बघा, कंटाळा करू नका.

पंपबाजू
पर्फ्युजनिस्टच्या (पंप चालवणाऱ्याच्या) खुर्चीतून एक भर. कन्व्हर्जनला (मधेच पंपावर जाण्याला) पराभव समजू नका. ठरवून, प्रेशर असताना पंपावर जाणं आणि मसाज करत पंपावर जाणं यांत पेशंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑफ-पंपसाठी हेपॅरिन साधारण १००-२०० युनिट प्रति किलो, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ, सेकंदांत) ३०० च्या आसपास. पंपासाठी एकूण ३००-४०० युनिट प्रति किलो आणि एसीटी ४८० लागतं. म्हणून उरलेल्या हेपॅरिनची सिरिंज भरून, लेबल लावून ठेवा. सर्किट कोरडं ठेवलं तरी चालेल, पण जोडलेलं हवं.

आणि मधला रस्ताही आहे: पंप सुरू, पण महाधमनीला क्लॅम्प नाही, हृदय चालूच. प्रेशर पंप सांभाळतो, सर्जन उरलेला ओएम करतो.

वाचते_विनया
मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण धागा सोडवत नाहीये. एवढी कसरत असेल तर सरळ हृदय थांबवूनच का करत नाहीत?

सातशून्य
विनयाताई, अगदी रास्त प्रश्न. बरेच सर्जन तसंच करतात. लेनिनग्राडमध्ये सर्जन कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये मॅमरी धमनी कोरोनरीला चालत्या हृदयावरच शिवली होती. हृदय शांत करून शिवण्याची सवय नंतर पक्की झाली.

२००९ च्या रुबी चाचणीत वर्षभराने उघडे असलेले ग्राफ्ट ऑफ-पंप गटात ८२.६ टक्के होते, पंपाच्या गटात ८७.८. टीका अशी झाली की शिवणारे हात पुरेसे सरावलेले नव्हते. नंतरच्या कॉरोनरी चाचणीत ४,७५२ पेशंट होते आणि त्या-त्या पद्धतीच्या शंभराहून जास्त शस्त्रक्रिया केलेलेच सर्जन घेतले होते. तिथे रक्त कमी द्यावं लागलं, किडनीला तात्पुरती इजा कमी झाली, पण लवकर पुन्हा रिव्हॅस्क्युलरायझेशन थोडं जास्त लागलं. पाच वर्षांनी मृत्यू, स्ट्रोक, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं आणि पुन्हा उपचार यांचा एकत्र हिशेब जवळपास सारखा. म्हणजे सरसकट कुठलीच श्रेष्ठ नाही.

खरा फायदा महाधमनी चुन्यासारखी कडक झालेल्या पेशंटला. मात्र तिथे पंप टाळून महाधमनीला साइड क्लॅम्प लावला तर चुना सुटायचा धोका उरतोच. दोन्ही इंटर्नल मॅमरी वाय आकारात जोडून महाधमनीला हात न लावणं, हा त्यावरचा उपाय. हृदय फार मोठं, शिरा दीड मिमीपेक्षा बारीक किंवा स्नायूत बुडालेल्या असतील तर हट्ट करू नये.

भूलशिकाऊ
शेवटचं: उजव्या कोरोनरीवर काम असेल तर पेसिंग वायर (ठोके चालू ठेवणारी) आधीच लावायची का?

भूलघर
हो, मुख्य आरसीए (उजवी कोरोनरी) आवळणार असतील तर आवळायच्या आधी. एव्ही नोडची धमनी बहुतेकांमध्ये तिथूनच निघते, हार्ट ब्लॉक (ठोक्याचा संदेश अडणं) मिनिटभरात येतो. वायर लावा, पेस करून बघा, मग शंट हातात ठेवून स्नेअर. जमत असेल तर पीडीएवरच (तिची पुढची शाखा) ग्राफ्ट करायला सांगा, हा प्रसंग बऱ्याचदा टळतो.