वॉटसन हॉटेल: जपायचं की पाडायचं?

दर्यावर्दी
मुंबईत काळा घोडा भागातली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ते पाडून टाका असं आता बरेच जण म्हणतात, म्हणून हा धागा. माझं मत स्पष्ट आहे, ते जपलंच पाहिजे. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने आराखडा केला, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने मुंबईत आणले आणि 1867 ते 1869 दरम्यान इथे जोडले. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर, विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. आज आपल्या टॉवरांत हेच तत्त्व असतं. 7 जुलै 1896 ला लुमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दिसली तीही इथेच, एक रुपया तिकिटात. ते खेळ पाहून सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं. मराठी माणसाला यापेक्षा जवळचा धागा कुठला हवा?

गिरगावकर
सावेदादांबद्दल आदर आहेच. पण ते हॉटेल गोऱ्यांसाठी होतं, आपल्या माणसाला तिथे मान नव्हता. जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधलं, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. असली वास्तू सरकारी पैशाने कशाला जपायची? जपायचं तर ताज जपा. त्याच्या आराखड्यावर आपल्या सीताराम खंडेराव वैद्यांचा हात आहे.

दर्यावर्दी
जमशेटजींची ती गोष्ट सांगोवांगीची आहे, कित्येक अभ्यासकांना पटत नाही. गोऱ्यांचा तोरा मात्र खरा, तो मी नाकारत नाही. पण मग व्हीटीही गोऱ्यांनीच बांधली. आणि इथे गेल्या कित्येक दशकांत राहिलं कोण? साठच्या दशकात हॉटेल बंद होऊन खोल्यांचे गाळे झाले. सेशन्स कोर्ट आणि हायकोर्ट जवळ, म्हणून वकिलांची कार्यालयं आली, टायपिंगवाले आले. तोही या वास्तूचा इतिहास आहे, आणि तो पूर्णपणे आपला आहे.

जुना_अशील
त्या वकिलांपैकी एकाकडे माझ्या वडिलांची केस होती. मी शाळेत असताना त्यांचं बोट धरून तो लाकडी जिना चढलोय. फळ्या हलायच्या, मधल्या चौकात वरून पाणी गळायचं, आणि प्रत्येक खोलीत पोटमाळा घालून दोनाच्या चार केलेल्या. वडील म्हणायचे, कठड्याला टेकू नकोस. 2005 मध्ये दर्शनी सज्जाचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. 2018 मध्ये पुन्हा तुकडा पडला, खाली टॅक्सी होती. दर्यावर्दी, तुमचं प्रेम समजतं, पण खालून रोज जाणाऱ्याला इतिहासाची किंमत स्वतःच्या डोक्याने मोजावी लागते. त्याचं उत्तर द्या.

लोहार_आळी
सांगाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून लिहितो. बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. पोलाद आधी वाकतं, बीड सांगून तुटत नाही. वेल्डिंगही धड धरत नाही. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, त्यामागची भीती खरी आहे. वारसा समितीने मात्र पाडायला विरोध केला, आणि मला तो योग्य वाटतो. हा सांगाडा सुट्या भागांचा आहे. पोटमाळे आणि मागाहून लादलेलं सगळं वजन आधी उतरवा, टेकू लावा, मग एकेक सांधा तपासा. तडकलेला खांब तेवढा बदला. वेळ लागेल, खर्च प्रचंड येईल, पण होण्यासारखं आहे.

जुना_अशील
हे पटलं. माझी अट एकच. काम होईपर्यंत खालचा फुटपाथ पूर्ण बंद ठेवा. नुसती हिरवी जाळी बांधून भागवू नका.

गिरगावकर
आणि उद्या तिथे परत महागडं हॉटेल निघालं तर? आपण बाहेरूनच बघायचं?

दर्यावर्दी
नाही. खालचा मजला सगळ्यांना खुला हवा आणि सावेदादांची ओळख तिथे मराठीत हवी. यावर तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत.