चिंगीसाठी घरचं जेवण: चिकन-भाताच्या पुढे काय?

मोगरा_कोथरूड
नमस्कार मंडळी. चिंगी आमची देशी कुत्री, पार्किंगमधून वर आलेली. वय ४, वजन १४ किलो, नसबंदी झालेली. दोन वर्षं पाकिटातलं कोरडं खाणं दिलं. हल्ली ती वाडग्याकडे बघते, माझ्याकडे बघते आणि जाऊन झोपते. म्हणून तीन आठवडे कुकरला चिकन-भात लावतेय. वाडगा चाटूनपुसून लख्ख! पण परवा लसीला नेलं तर डॉक्टर म्हणाले, "नुसता चिकन-भात किती दिवस देणार?" तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. तो बोका होता. पुढचं बोलणं राहिलंच.

अडचण अशी की सासूबाई माळकरी. ओट्यावर मांसमच्छी, अंडं काहीच चालत नाही. बाल्कनीत इंडक्शन आणि चिंगीचा वेगळा कुकर आहे. रविवारी त्या भजनाला गेल्या की माझा कुकर चढतो, त्यामुळे आठवड्याचं एकदाच करणं भाग आहे. किती द्यायचं आणि त्यात अजून काय घालायचं? अनुभव सांगा.

वाड्यावरचा
कुत्र्याचे फारच लाड चाललेत. आमच्या वाड्यावर पिढ्यान् पिढ्या कुत्री भाकरी-ताकावर जगली.

श्वानसखी
काका, ती भाकरीवर जगत नव्हती. भाकरी खाऊन बाहेर जायची आणि उंदीर, घुशी, कोंबडीची आतडी, काय मिळेल ते हाणायची. फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही. आपण वाडग्यात घालू तेवढंच त्याचं जग.

मोगरा, आधी माझी चूक सांगते. आमचा लॅब्राडॉर पिल्लू असताना मी त्याला दोन-अडीच महिने फक्त चिकन-भात दिला. अंगाने छान भरला, पण पाचव्या महिन्यात पुढचे पाय बाहेर फाकायला लागले आणि जिना चढताना तो कण्हायचा. एक्स-रेमध्ये हाडं अगदी फिकी दिसली. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. मोठ्या कुत्र्यात हे लवकर दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. डॉक्टर तुम्हाला बहुतेक हेच सांगणार होते.

आता हिशोब. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या किलोकॅलरी म्हणजे वजन गुणिले ३० अधिक ७०, चिंगीच्या ४९०. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे दिवसाला ८०० किलोकॅलरीच्या आसपास. ते वाडग्यात असं दिसतं (सगळी वजनं शिजल्यावरची): बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन २०० ग्रॅम, भात २०० ग्रॅम, लाल भोपळा-गाजर-फरसबी मिळून मूठ-दोन मुठी, एक उकडलेलं अंडं, कलेजी २० ग्रॅम, करडईचं तेल एक टीस्पून. कलेजी आवडते म्हणून वाढवू नका, त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जातं.

आणि यावर अंड्याच्या टरफलांची पूड, अर्धा टीस्पून. वजनात अडीच ग्रॅम, त्यातून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. टरफलं दहा मिनिटं उकळायची, कडक वाळवायची, मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायची. बोटांत चोळली तर पिठीसाखरेसारखी लागली पाहिजे. कचकच लागली तर परत फिरवा.

एवढं करूनही जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतंच. कुत्र्याला उन्हात बसवून पुरेसं ड मिळत नाही. या घटकांची पावडर डॉक्टरांना विचारून घ्या आणि अन्न कोमट झाल्यावर मिसळा. आणि हो, हे प्रमाण मोठ्या कुत्र्याचं आहे. पिल्लांसाठी कोणी उतरवून घेऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं.

सिडनीकर_ज्ञाना
श्वानसखीशी सहमत. पाककृती बघून करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. यात पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. आणि कृपा करून वजनकाटा वापरा. आमच्या घरी "अंदाजाने" घालायचं खातं नवऱ्याकडे होतं. सहा महिन्यांत बीगलची कंबर गायब.

पुरणपोळी_विरोधी_मंच
आमच्या डॅनीने सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा पळवला होता. शिऱ्याचं एवढं नाही, त्यातले बेदाणे! द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नशीब भाचीला माहीत होतं. तासाभरात दवाखान्यात नेऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाइन. आता प्रसादाची द्रोणपात्रं फ्रीजवर ठेवतो.

मोगरा_कोथरूड
बापरे. कांदा-लसूण नाही चालत ना? आमच्या वरणाला लसणाची फोडणी असते आणि सासूबाई हळूच चिंगीला वरण-भात भरवतात.

श्वानसखी
अजिबात नाही. कच्चा, शिजवलेला, पावडर, काहीच नाही. तांबड्या पेशी फुटतात, आणि थोडं थोडं रोज गेलं तरी परिणाम साठतो. फोडणीआधी वाटीभर साधं वरण बाजूला काढायला सांगा, भरवायची हौसही राहील. मात्र हे वरचं खाणं ८० किलोकॅलरीच्या वर नको. तूप तर चमचाभरही नको. जास्त तुपा-तेलाने स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं फार वाईट.

बांगडा_फ्राय
आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी उकडलेला बांगडा द्या, काटे काढून. केस बघा मग. शेजाऱ्यांच्या शिव्या मात्र तुम्ही खायच्या. शिजवलेली हाडं कोणी देऊ नका, नळीसुद्धा. शिजल्यावर हाडाच्या सुया होतात.

वाड्यावरचा
बरं, आमचा मोती नऊ वर्षांचा आहे. भाकरी बंद करू का?

श्वानसखी
नका करू काका. भाकरी भाताच्या जागी चालेल. सोबत दोन अंडी आणि ती टरफलांची पूड सुरू करा. आणि एकदा रक्त तपासून घ्या, या वयात मूत्रपिंडाचं काही असेल तर सगळं प्रमाण बदलतं.

मोगरा_कोथरूड
तीन आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांना ही यादी दाखवली. त्यांनी भात थोडा कमी केला आणि जीवनसत्त्वांची पावडर लिहून दिली. रविवारी सात डबे भरते. दोन दिवसांचे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बाकी आईच्या फ्रीजरमध्ये, कारण आमच्या फ्रीजरबद्दलच्या वाटाघाटी अजून चालू आहेत. अंडी आईच उकडून देते. टरफलं कोपऱ्यावरच्या भुर्जीवाल्याकडून आणली. "कशाला?" म्हणाला. सांगितलं तर त्याने आख्खी पिशवी भरून दिली. त्याचाही एक काळू आहे, गाडीखाली झोपतो. वाटून झाल्यावर अर्धी बरणी त्याला नेऊन दिली.

चिंगी १३ किलो ८०० भरली. भोपळा मात्र फोडी ओळखून बाजूला काढून ठेवत होती. आता सासूबाई स्वतः किसून देतात. "भोपळ्याला काय विटाळ?" म्हणाल्या.