मदत हवी आहे: इंटरकॉममध्ये शिट्टी येते, रेसबरोबर चढते. रविवारच्या आत उपाय सांगा

दोनसीटवाला
विमानात नवा इंटरकॉम (दोन सीटवाल्यांनी हेडसेटवरून एकमेकांशी बोलायचा डबा) बसवलाय. वायरिंग सोबतच्या पुस्तकात दाखवलंय तसंच आहे. इंजिन चालू झालं की दोन्ही हेडसेटमध्ये बारीक शिट्टी सुरू होते आणि रेस दिली की तिचा सूर चढत जातो. पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबलं की शेजारच्याच्या कानात किंचाळी. कुठला फिल्टर लावू एवढंच सांगा. नाशकात मिळेल असाच सांगा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायला वेळ नाही.

मीटरमामा
विमान कुठलं? इंजिन? सांगाडा धातूचा की फायबरचा? इंटरकॉम वेगळा की रेडिओतलाच? नावावरून ओळखायचं तर सेसना १५२ लाही दोनच सीट असतात.

मंडपवाला_पंचवटी
भाऊ, हा अर्थिंगचा लूप. मिक्सरने एका जागी अर्थिंग पकडलं आणि अँपने दुसऱ्या, की स्पीकरमध्ये जनरेटरचा आवाज घुमायला लागतो. गणपतीत रोजचंच आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, विषय संपला. आणि माइकची केबल शील्डवाली (वायरीभोवती जाळी असलेली) घ्या, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा.

मीटरमामा
निदान बरोबर, औषध चुकलं. माइकच्या शील्डला एकाच टोकाला, इंटरकॉमच्या बाजूला ग्राउंड (अर्थिंग) द्यायचं. दोन्हीकडे दिलं की तुम्ही म्हणता तोच लूप पुरा होतो.

मंडपवाला_पंचवटी
मामा, आमच्या सगळ्या एक्सएलआर केबलींत शील्ड दोन्हीकडे जोडलेली असते. तरी घुमत नाही.

मीटरमामा
तुमची लाइन बॅलन्स्ड असते, सिग्नलला दोन वायरी आणि शील्ड वेगळी. विमानाचा माइक अनबॅलन्स्ड, सिग्नलचा परतीचा रस्ता ग्राउंडमधूनच. त्यात अल्टरनेटरचा करंट शिरला की तो कानात ऐकू येणारच.

सही_शिक्का
फिल्टर राहू दे. हे काम केलं कोणी? व्हीटी (भारतीय) नोंदणीचं विमान असेल तर लॉगबुकात नोंद आणि परवानाधारक एएमईची (विमान देखभालीच्या इंजिनिअरची) सही कुठंय? आणि कृपा करून मंडपाची पीव्हीसी केबल कॉकपिटमध्ये घालू नका. जळाली तर तिचा धूर इंजिन बंद पडण्याआधी तुम्हाला आडवं करेल. टेफझेलची, म्हणजे विमानात वापरतात ती वायर घ्या.

दोनसीटवाला
मायक्रोलाइट (छोटं हलकं विमान), इंजिन रोटॅक्स ९१२. पाइपचा सांगाडा, वर कापड, पुढचं पॅनेल अॅल्युमिनियमचं. वायर टेफझेलच आहे. एएमई ओळखीचे आहेत, सही तेच करणार, पण शिट्टी जाईपर्यंत करणार नाहीत. म्हणून तर घाई आहे!

ओझरचा_निवृत्त
नाशकात उडवता तरी कुठे? इकडे ओझर, तिकडे गांधीनगरला आर्मी, देवळालीला तोफखाना. १९६४ साली ओझरला मिगचा कारखाना आला, त्यानंतर आमच्या पिढीने आयुष्य तिथे घातलं. आता सुखोई. हेडसेटचं म्हणाल तर लष्करी घ्या, पडला तरी फुटत नाही.

दोनसीटवाला
काका, विमान धुळ्याकडे असतं. मी फक्त राहतो नाशकात.

मीटरमामा
काका, लष्करी हेडसेट बऱ्याचदा ५-८ ओहमचे असतात, नागरी १५० ते ६०० ओहमचे. माइकची जातही वेगळी, नागरी माइकला चालायला इंटरकॉमकडून थोडं व्होल्टेज (बायस) लागतं. उगीच दुसरं दुखणं लावू नका.

उद्याचा_पायलट
मला पण असंच व्हायचं. एएनआर (बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या) हेडसेटचे सेल बदलले आणि गेलं. बाय द वे, आरटीआरच्या (विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याच्या) परीक्षेची तयारी कोणी करतंय का?

मीटरमामा
सेल उतरल्याने रेसबरोबर सूर चढत नाही. आणि परीक्षेसाठी वेगळा धागा काढा.
दोनसीटवाले, या क्रमाने बघा. इंजिन चालू ठेवून रेडिओचा आवाज शून्य करा. शिट्टी गेली तर ती रेडिओतून येतेय. राहिली तर इंटरकॉमला अल्टरनेटरपासून पूर्ण वेगळी, यूपीएसची छोटी १२ व्होल्टची बॅटरी द्या. त्याने गेली तर सप्लाय दोषी. रोटॅक्सने रेग्युलेटरच्या आउटपुटला २२,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर सांगितलाय, तो आहे का बघा. बॅटरीवरही शिट्टी राहिली तर जॅककडे वळा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
फवारणीच्या ड्रोनचा सिग्नल बागेच्या टोकाला तुटतो. त्याला पण कपॅसिटर लावावा का?

सही_शिक्का
नाही.

दोनसीटवाला
रेडिओ शून्य केला, शिट्टी तशीच. वेगळी बॅटरी दिली, किंचित कमी झाली पण आहेच. कपॅसिटर आधीपासून आहे. आता?

मीटरमामा
आता जॅक. माइकचा जॅक पॅनेलमध्ये कसा बसवलाय? मोठा ६.३५ मिमीचा ऐकण्याचा, बारीक ५.२३ मिमीचा माइकचा. दोन्हींना फायबर किंवा नायलॉनचे खांदेवाले वॉशर हवेत, म्हणजे जॅकची बॉडी पॅनेलला शिवत नाही. तुमचं पॅनेल अॅल्युमिनियमचं, म्हणून विचारतोय. सगळे प्लग काढा, जॅकची बॉडी आणि पॅनेल यांच्यात मीटर धरा, जोड दिसता कामा नये. माइकच्या वायरी इंटरकॉमच्या टोकाला सोडवून मोजा, नाहीतर तिकडून ग्राउंड दिसेल आणि फसाल.

मंडपवाला_पंचवटी
म्हणजे लूपच. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं 😀

मीटरमामा
मान्य. ट्रान्सफॉर्मर मात्र तुमच्याकडेच ठेवा.

दोनसीटवाला
उजव्या सीटचा माइक जॅक थेट पॅनेलला लागलेला होता. तो आधीच्या मालकाच्या वेळचा, मी नुसत्या वायरी बदलल्या होत्या. वॉशर टाकले आणि शिट्टी गेली. फुल रेसला कान लावून ऐकलं तरच जरा जाणवते. पण पीटीटीची किंचाळी तश्शीच आहे.

सही_शिक्का
ते वेगळं प्रकरण आहे. अँटेना कुठं लावलीय?

दोनसीटवाला
सीटच्या मागे, कापडाच्या आत. बाहेर वारा खाते म्हणून. का?

मीटरमामा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं राव! खाली धातूचा पत्रा नाही, अँटेना डोक्यामागे, मग सगळी आरएफ (रेडिओलहर) हेडसेटच्या वायरींत शिरणार. अँटेनाच्या जागी डमी लोड (लहर बाहेर न सोडता जिरवणारा रेझिस्टर) जोडून पीटीटी दाबा. किंचाळी गेली तर इंटरकॉम निर्दोष. मग अँटेनाखाली पत्र्याचा ग्राउंड प्लेन द्या, तिची जागा लांब न्या, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लहर परत फिरते ते) मोजा. डमी लोड आणि मीटर माझ्याकडे आहेत, कॉलेज रोडला. शनिवारी येऊन घेऊन जा.

सही_शिक्का
अँटेनाची जागा बदललीत तर तीही नोंद लॉगबुकात येणार, हे तुमच्या एएमईंना आधी सांगा. या रविवारचं विसरा.

दोनसीटवाला
शनिवारी ११ वाजता येतो मामा. रविवारचं बघू.

द्राक्षबाग_पिंपळगाव
मामा, मी पण येऊ का? ड्रोन घेऊन?