गेरूत कार्बनच नसतो, मग गुहाचित्रांचं वय काढतात कसं?

उंडगा
परवा इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या गुहेतल्या डुकराच्या चित्राबद्दल वाचलं, कमीत कमी ५१,२०० वर्षं जुनं म्हणे, २०२४ मध्ये जाहीर झालंय. आता माझी शंका अशी की लाल रंग म्हणजे गेरू, गेरू म्हणजे लोहाची माती, त्यात कार्बन नाही, मग कार्बन डेटिंग लागू कसं पडणार? का नुसता अंदाज ठोकून देतात?

चुनखडी
अंदाज नाही ओ, पण चित्राचं वय काढलेलंच नाहीये, चित्रावर साचलेल्या पापुद्र्याचं काढलंय. चुनखडीच्या गुहेत पाणी झिरपत राहतं आणि भिंतीवर कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा, थर बसत जातो. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे नव्या थरात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमचा ऱ्हास होऊन आतल्या आत थोरियम तयार होत जातं, दोघांचं प्रमाण मोजलं की थर कधी बसला ते कळतं. आणि थर चित्राच्या वर आहे म्हणजे चित्र त्याच्या आधीचं. किती आधीचं, दहा वर्षं की दहा हजार, ते यातून कळत नाही. म्हणून ते 'कमीत कमी' महत्त्वाचं, बातमीत नेमकं तेच गाळतात.

शंकासुर
ऐकायला सोपं वाटतं पण गोम आहे. नंतरच्या पाण्याने थरातलं युरेनियम धुवून नेलं तर थोरियमचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतं आणि वय फुगतं. स्पेनमधल्या ला पासिएगा, माल्त्राविएसो आणि आर्दालेस या तीन गुहांवरून २०१८ ला हाच वाद पेटला होता. ६४,००० वर्षांहून जुनी खूण, म्हणजे आपली मानवजात तिथे पोचायच्या आधीची, म्हणजे काढणारे निअँडरथल, आता नामशेष झालेली दुसरी मानवजात! बऱ्याच तज्ज्ञांना ते अजून पटलेलं नाही. मलाही नाही, पण मी कोण.

उंडगा
बरं, मग फ्रान्समधल्या शोव्हे गुहेचं काय? तिथे तर कार्बननेच काढलंय ना?

चुनखडी
हो, कारण तिथली काळी चित्रं कोळशाने काढलीयेत. पण तिथेही कार्बन काय सांगतो तर लाकूड कधी मेलं ते. कोणी गुहेत पडलेला जुनापुराणा कोळसा उचलून रेघ मारली तर वय कोळशाचं येणार, रेघेचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीची युक्ती मला सगळ्यात आवडते, तिथे कांगारूच्या एका चित्राच्या वर आणि खाली गांधीलमाश्यांची मातीची घरटी सापडली, त्या घरट्यांचं वय काढलं, म्हणजे चित्राचं वय दोन्ही बाजूंनी कचाट्यात, साधारण १७,३०० वर्षं.

पाटीपेन्सिल
वयाचं जमेल कसंतरी हो, पण अर्थाचं काय? आधी म्हणायचे शिकार मिळावी म्हणून जादूटोणा, मग चित्रांतल्या प्राण्यांच्या नर-मादी अशा जोड्या लावल्या, मग आले शामान, म्हणजे तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणारे वैदू, आणि त्यांची तंद्री.

शंकासुर
शामानवाली मांडणी दक्षिण आफ्रिकेपुरती मला दमदार वाटते. तिथल्या चित्रांत माणसांच्या नाकातून रक्त येताना दाखवलंय. १८७० च्या दशकात ब्लीक आणि लॉइड या भाषा-अभ्यासकांनी सान लोकांकडून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडून, ऐकून वह्याच्या वह्या लिहून ठेवल्या होत्या, त्यात तंद्रीत गेलेल्या वैद्याच्या नाकातून रक्त येतं असं आहे, म्हणून पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्सला तो धागा जोडता आला. पण तीच किल्ली उचलून फ्रान्सच्या गुहेला लावली की माझी कुरकुर सुरू, तिथे सांगणारं कोणी उरलंच नाही.

उंडगा
म्हणजे आकडा दिसला की आधी विचारायचं, कशाचा? रंगाचा, थराचा की घरट्याचा. आता ती डुकराची बातमी परत वाचतो, मथळ्यात 'कमीत कमी' होतं का बघतो.

उंडगा
नव्हतं.