धास्ती, धसका की दडपण? ‘द विलोज’ वाचून नेमकं काय होतं?

इंग्रज लेखक अल्जरनॉन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ ही १९०७ सालची भयकथा ज्यांनी वाचली आहे त्यांना एक प्रश्न. ती वाचताना तुम्हाला जे झालं त्याला मराठीत काय म्हणाल?

‘भीती वाटली’ हे उत्तर नको. परीक्षेची वाटते तीही भीतीच. ‘अंगावर काटा आला’, ‘काळजात धस्स झालं’, ‘पाचावर धारण बसली’ हेही नको, कारण या कथेबद्दल लोक हेच बोलतात आणि मला ते तिन्ही खोटे वाटतात. काटा येणं, धस्स होणं हे क्षणाचं काम आहे. दार करकरलं, काटा आला, मांजर निघालं, काटा गेला. या कथेत असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. निवेदक आणि त्याचा स्वीडिश सोबती एका हलक्या होडीतून डॅन्यूब उतरत आहेत. व्हिएन्ना मागे पडल्यावर, बुडापेस्टच्या बऱ्याच अलीकडे, नदी फुटून पसरते आणि मैलोगणती दलदल व विलोची झुडपं लागतात. जुलैचे दिवस, नदीला पूर. एका वाळूच्या बेटावर ते तंबू ठोकतात. बेट पाण्याने झिजत चाललंय. सकाळी एक वल्हं नाहीसं झालेलं, दुसऱ्याचं पातं कुणीतरी घासून पातळ केल्यासारखं, होडीच्या तळाला चीर, आणि वाळूत जागोजाग नरसाळ्याच्या आकाराचे खळगे. हे कोण करतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही.

(पुढच्या चर्चेत शेवट उघड होणार. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

प्रतिसाद

तुमचा नकार पटला. माझं उत्तर ‘धास्ती’.

मराठीत भीतीचे शब्द तीव्रतेपेक्षा वेळेने वेगळे होतात असं मला वाटतं. ‘दचकणं’ त्या क्षणाचं. ‘धसका’ नंतरचा: काहीतरी घडून गेलंय आणि ते आत बसलंय, म्हणून धसका ‘बसतो’. ‘धास्ती’ आधीची: अजून काही घडलेलं नाही, पण माणूस ती ‘घेऊन’ बसलाय. ‘धडकी’ ‘भरते’, म्हणजे ती बाहेरून आत येते. क्रियापदं बघा, ती उगाच वेगवेगळी नाहीत.

आता कथा बघा. खळगे पडलेत, पण ते पडताना कुणी पाहिलं नाही. वल्हं गेलं तेव्हा दोघे झोपेत होते. रात्री तंबूवर बारीक टपटप ऐकू येते, बाहेर येऊन पाहावं तर काही नाही, फक्त झुडपं काल होती त्यापेक्षा जवळ आल्यासारखी वाटतात. जे घडतं ते प्रत्येक वेळी घडून गेलेलं असतं, आणि तरी वाचणाऱ्याचं लक्ष पुढे काय होणार याकडेच. माग धसक्याचा आणि मन धास्तीत. निव्वळ धास्तीच्या भयकथा खूप आहेत. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणारी ही एकच मला माहीत आहे.

प्रतिसाद

मला यातलं काहीच झालं नाही. कंटाळा आला. पहिली कितीतरी पानं नदीचं वर्णन. त्याला मराठीत ‘रटाळ’ म्हणतात, शब्द तयार आहे.

प्रतिसाद

‘रटाळ’ आणि ‘संथ’ यांत फरक करायला हवा. रटाळ म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा, आणि ते काढून टाकलं तरी बिघडत नाही. ही पानं काढून बघा. डोनाएशिंगेनला उगम पावल्यापासून ही नदी सोबत्यासारखी रंगवली आहे: खोडकर, गाणारी, मध्येच जमिनीखाली दडणारी, उपनद्यांशी भांडणारी. ब्लॅकवुड स्वतः होडीने डॅन्यूब उतरला होता आणि १९०१ साली त्याने त्या प्रवासावर लेखही लिहिला होता, त्यामुळे वर्णनात ऐकीव काही नाही. वाचणाऱ्याचा त्या नदीवर जीव जडतो, आणि मग तीच नदी त्यांना त्या बेटावर आणून सोडते. आधीचा लळा नसता तर पुढचा परकेपणा लागलाच नसता.

पण कंटाळा आला असेल तर आला. त्यावर वाद घालून कुणाला कथा आवडत नाही.

प्रतिसाद

मुद्दा थोडा वळवतो. ‘भय’ या कुळातले शब्द शोधत बसल्यामुळे आपण अडकलो आहोत. रसांच्या यादीत भयानकाच्या पलीकडे अद्भुत आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय. पहिल्या रात्री निवेदक तंबूबाहेर येतो आणि झुडपांच्या शेंड्यांमधून प्रचंड, काशाच्या रंगाच्या आकृती एकमेकींत मिसळत आकाशाकडे चढताना बघतो. तेव्हा त्याची अवस्था काय? तो पळत नाही. किंचाळत नाही. गुडघे टेकून त्यांची पूजा करावी असं त्याला वाटतं! भीती नंतर येते, तंबूत परतल्यावर.

हे आपल्याला नवीन नाही. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन एकाच श्लोकात म्हणतो की पूर्वी कधी न पाहिलेलं पाहून मी हर्षलो आहे आणि भयाने माझं मन व्याकुळही झालं आहे. तिथला शब्द ‘हृषित’ आहे, आणि ‘हृष्’ धातूत आनंद जसा आहे तसं अंगावरचे केस उभे राहणंही आहे. ‘रोमहर्ष’ त्यातलाच. म्हणजे तुम्ही हाकलून लावलेला ‘काटा’ मूळचा दोन्हींचा होता, भयाचाही आणि हर्षाचाही. आज ‘रोमांच’ सहलींच्या जाहिरातींत गेला आणि ‘काटा’ भुतांकडे राहिला. ज्ञानेश्वरीत याच अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे असं म्हटलंय. ब्लॅकवुडकडेही सुरुवातीला घर शांताचंच, नदी, ऊन, वारा. मग अद्भुत येतो. त्याच्या पाठोपाठ, न बोलावता, भयानक.

माझं मत ‘विस्मय’ या शब्दाला. तो आज फार पातळ झालाय हे मान्य. ‘विस्मयकारक सवलत’ असंही लिहितात.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यातूनच एक तक्रार. या कथेला सर्रास ‘भूतकथा’ म्हणतात आणि बेटाला ‘झपाटलेलं’. दोन्ही चूक.

झपाटायला, पछाडायला कुणीतरी कर्ता लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा मेलेला माणूस असतो. त्याला काहीतरी हवं असतं, त्याचं काहीतरी राहिलेलं असतं. भूत म्हणजे शेवटी माणसाचाच शिल्लक हिशोब. इथे तो स्वीडिश सोबती नेमकं उलट सांगतो. हे जुने देव असते तरी परवडलं असतं, कारण देवांना पूजेसाठी माणसं लागतात, म्हणजे काही नातं असतं. या ज्या कोणी शक्ती आहेत त्यांचा माणसाशी काडीचा संबंध नाही. त्यांचं जग आणि आपलं जग या एका जागी योगायोगाने एकमेकांना टेकलंय, इतकंच.

ज्याला काही हवं आहे त्याला काही देऊन सुटता येतं. इथे ती वाटच बंद. आणि हे बोलतो कोण, तर ज्याला निवेदकाने आधी कल्पनाशक्ती नसलेला, रोखठोक माणूस ठरवलेला असतो तो! निवेदक वारा, वाळू, पाणी अशी कारणं जुळवत राहतो आणि हा शांतपणे त्याला सांगतो की त्यांचा विचारही करू नकोस, विचार केलास की त्यांना आपला पत्ता लागेल.

‘अमानवी’ हा शब्द आपण क्रूर माणसांसाठी वापरून टाकला नसता तर इथे चपखल बसला असता. ‘अमानुष’चंही तेच झालं. आता उरला ‘मानवेतर’, पण तो ऐकताच गाई-म्हशी आठवतात.

प्रतिसाद

थोडं अवांतर. ‘विलो’ला मराठीत ‘वाळुंज’ म्हणतात ना? मग कथेचं नाव ‘वाळुंज’ करायला काय हरकत?

प्रतिसाद

वाळुंज बरोबर आहे, पण आपला वाळुंज हा ओढ्याकाठचा चांगला वाढलेला वृक्ष. कथेत मुद्दाम सांगितलंय की ही झुडपं कधी झाड होतच नाहीत: गोल शेंड्यांची, बारीक खोडाची, वाऱ्यावर गवतासारखी लवणारी. अख्खा प्रदेशच हलतोय असं त्यांच्यामुळे वाटतं. अनेक वाचकांच्या डोळ्यांपुढे तळ्यावर फांद्या सोडून बसलेला उदास विलो येतो आणि सगळं चित्रच बिघडतं. उदासपणा यात नाही. ही झुडपं दाटी करतात, ऐकत उभी राहतात. शीर्षक द्यायचंच तर ‘वाळुंजांचं रान’. ‘रान’ हवंच.

त्याच ओघात: भाषांतराच्या गप्पांत ‘ओसाड बेट’ बऱ्याचदा दिसतं. ओसाड म्हणजे पूर्वी वस्ती होती, आता नाही. ओसाड गाव, ओसाड वाडा. इथे कधीच कुणी नव्हतं. ‘निर्जन’ म्हणा. ‘भकास’ जागेपेक्षा बघणाऱ्याबद्दल जास्त सांगतो, म्हणून तो संध्याकाळच्या प्रसंगाला चालेल.

प्रतिसाद

आणि तो आवाज? दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा पुन्हा येतो, लांब कुठेतरी कुणी मोठ्या थाळ्यावर ठोका द्यावा तसा, आणि त्याला दिशाच नाही. वरून येतो, पाण्याखालून येतो, कधी डोक्याच्या आतूनच. ‘टोल’ म्हणावं तर टोल एकेक मोजता येतो. ‘गुंजन’ म्हणावं तर भुंगा आला. मी ‘घुमणं’ घेईन. गाभाऱ्यात आवाज घुमतो, आणि अंगात आलेला माणूसही घुमतो. आवाज बाहेर आहे की आत, हा कथेतला गोंधळ मराठीत या एका क्रियापदात आधीच आहे.

धागा काढणारी

बरंच हाती लागलं. आता मला काय झालं ते सांगते, कारण वरच्या एकाही शब्दात ते पुरतं येत नाही.

मला उपरं वाटलं.

रात्र पडायच्या कितीतरी आधी, काहीच घडलेलं नसताना, निवेदकाला जाणवतं की आपण इथे नको आहोत. नदीच्या पुराचं भय त्याला कळतं. हे त्याहून वेगळं आहे आणि त्याचा संबंध त्या झुडपांशी आहे, हेही त्याला कळतं. आधी प्रेसबर्गमध्ये, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, एक हंगेरियन अधिकारी त्यांना सांगतो की पूर ओसरला तर कोरड्या वाळूवर अडकाल, मैलोन्‌मैल माणूस नाही, उपाशी मराल. तो इशारा माणसांच्या जगातला आहे, आणि तो ऐकून ते हसण्यावारी नेतात. मग संध्याकाळी सपाट तळाच्या नावेतून एक माणूस वेगाने जातो, हातवारे करतो, काहीतरी ओरडतो, शब्द वाऱ्यात विरतात, आणि शेवटी तो स्वतःवर क्रूसाची खूण करतो. माणसाकडून आलेलं तेवढं शेवटचं.

परक्याच्या घरी चुकून शिरलोय आणि घरमालक अजून आतल्या खोलीत आहे, असं काहीसं. यात धास्ती आहे, विस्मय आहे, पण आधी आहे तो उपरेपणा. कथेचा शेवट मला याच कारणाने पटतो. पाण्यात मुळांना अडकलेलं एका शेतकऱ्याचं प्रेत सापडतं, अंगभर ते नरसाळ्यासारखे खळगे. जे या दोघांच्या वाट्याला यायचं ते त्याच्या वाट्याला गेलं. त्याचा काही दोष नव्हता, यांनीही काही पुण्य केलं नव्हतं. तिथे कुणाला निवडत नाहीत, जो हाती लागला तो लागला. उपऱ्याला नाव नसतं.

प्रतिसाद

‘उपरं’ छान. पण ते वाचकाला वाटलं की पात्राला?

धागा काढणारी

वाचकालाही. एरवी भयकथा वाचणाऱ्याची खातिरदारी करते, त्याला घाबरवण्यासाठीच सगळं मांडलेलं असतं. इथे माझ्यासाठी काही मांडलंय असं वाटतच नाही.

प्रतिसाद

मग या प्रकाराला काय म्हणायचं? इंग्रजीत ‘वीअर्ड’ म्हणतात. ‘वीअर्ड टेल्स’ मासिक १९२३ साली निघालं आणि नाव रुळलं. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टने भयसाहित्यावरच्या १९२७च्या त्याच्या निबंधात ब्लॅकवुडच्या कथांत हिलाच पहिला मान दिला. ‘विचित्रकथा’ कसं वाटतं?

प्रतिसाद

‘विचित्र’ संस्कृतात सुंदर होता, नाना रंगांचा. मराठीत तो शेजाऱ्यांबद्दल वापरतात. ‘वीअर्ड’चा मूळ अर्थ नियती, मॅकबेथमधल्या चेटकिणींना ते विशेषण त्याच अर्थाने आहे, आणि इंग्रजीतही तो पुढे असाच घसरला. ‘गूढकथा’ म्हटलं की वाचक उकल मागतो. ‘अद्भुतकथा’ म्हटलं की पऱ्या आल्या. मी सरळ ‘वीअर्ड कथा’ लिहितो. उगाच नवा शब्द पाडून तो पुन्हा समजावत बसण्यापेक्षा बरं.

प्रतिसाद

एक शेवटची शंका. सोबत्याला ‘स्वीड’ लिहावं का? इंग्रजीत त्या नावाची एक भाजी आहे, मला तीच आठवते.

धागा काढणारी

‘स्वीडिश’ इतकंच लिहा, ‘पंजाबी म्हणाला’ म्हणतो तसं ‘स्वीडिश म्हणाला’. दोघांपैकी कुणालाच कथेत नाव नाही, तेव्हा आपणही द्यायला नको.