सी ड्राइव्हला डी मधली जागा जोडायची आहे, पण डेटा जाता कामा नये – मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. आत एकच ५१२ जीबीची एसएसडी (सगळा डेटा साठवणारी डिस्क), विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते. घेताना दुकानातूनच दोन भाग करून मिळाले: सी १०० जीबी आणि उरलेला सगळा डी. आता सी वर जेमतेम ३ जीबी शिल्लक आहेत. मोठं अपडेट आलं की अर्ध्यात अडकतं.

डी वर माझं अकरा वर्षांचं काम आहे. माण-खटाव भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत आले आहे. सुमारे १८० तास, सगळ्या वेव्ह फाइल (२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, म्हणजे तासाला साधारण १ जीबी). त्यांतल्या सात जणी आज हयात नाहीत. म्हणून एवढी धास्ती.

काल मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये (डिस्कचे भाग बघायचं-बदलायचं साधन) डी वर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम केलं, म्हणजे डी लहान केला. ६० जीबी हवे होते म्हणून ६१४४० एमबी टाकले. नीट झालं, फाइली जागेवर आहेत. पण ती मोकळी जागा डी च्या उजवीकडे, पार शेवटी दिसते आणि सी वरचं एक्स्टेंड व्हॉल्यूम (भाग वाढवायचा पर्याय) पुसटच आहे. सी आणि डी यांच्या मध्ये ६५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशनही (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आहे.

तालुक्याच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "सगळं फॉरमॅट करावं लागेल, डेटाची हमी नाही." एका व्हिडिओत रिकव्हरी उडवून टाका असं सांगितलंय. मी अजून कशालाही हात लावलेला नाही. पुढे काय करू?

कृष्णाकाठ

थांबलात ते फार बरं केलंत. विंडोजचं साधन सी ला फक्त त्याच्या लगेच उजवीकडची मोकळी जागा जोडू शकतं. तुमची जागा दोन घरं सोडून पलीकडे आहे, म्हणून पर्याय पुसट. बिघाड काही नाही.

जीपार्टेड (डिस्कचे भाग बदलायचं मोफत साधन) पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डी उजवीकडे सरकवा, मग रिकव्हरी सरकवा, मग सी वाढवा. आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धवटच बंद होणं) बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर जीपार्टेड एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या फाइल-मांडणीला, हात लावायला नकार देतं. नंतर पहिल्यांदा विंडोज सुरू होताना डिस्क तपासणी चालू होईल, ती होऊ द्या.

पेठेतला

कृष्णाकाठ, पद्धत बरोबर आहे, पण या ताईंना मी ती सुचवणार नाही. डी उजवीकडे सरकवायचा म्हणजे त्याची सुरुवात बदलते आणि आतला सगळा मजकूर उचलून नव्या जागी लिहावा लागतो. काही तासांचं काम. मध्येच वीज गेली तर डी ना जुन्या जागी धड, ना नव्या.

ताई, तीन गोष्टी सांगा. या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे? लॅपटॉपची बॅटरी किती टिकते? आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी च्या नावाखाली 'बिटलॉकर एन्क्रिप्टेड' (म्हणजे विंडोजने डेटाला सांकेतिक कुलूप लावलंय) असं लिहिलंय का?

रानजाई

बॅटरी वीस मिनिटं. आमच्याकडे दुपारी वीज जातेच. बिटलॉकर लिहिलेलं आहे, मी तर कधी चालू केलं नव्हतं! दुसरी प्रत नाही. सी वरचं डी वर ठेवलं की सुरक्षित, असंच आजवर समजत होते.

पेठेतला

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. जीपार्टेड अशा पार्टिशनचा आकार बदलू शकत नाही, त्यामुळे तो रस्ता तसाही बंद. आधी खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) कागदावर उतरवून घ्या. हे आजच करा.

सी आणि डी एकाच एसएसडीचे भाग आहेत. एसएसडी गेली तर दोन्ही एकदम जातात. तेव्हा पार्टिशन राहू द्या, आधी दोन एक्स्टर्नल डिस्क आणा आणि डी दोन्हींवर स्वतंत्रपणे कॉपी करा. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा ('साइज ऑन डिस्क' नव्हे, 'साइज' बघा). मग दुसऱ्याच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-पंधरा फाइली शेवटपर्यंत ऐका.

हे झालं की काहीच सरकवायची गरज उरत नाही. डी काढून टाकायचा, सी वाढवायचा, डी नव्याने करायचा आणि डेटा परत आणायचा. यात डिस्कवरची नोंद तेवढी बदलते, काही सेकंदांचं काम. विजेची भीती जवळपास संपते.

पुढचा क्रम असा. दोन्ही एक्स्टर्नल डिस्क काढून बाजूला ठेवा, म्हणजे चुकीची डिस्क निवडली जाण्याचा प्रश्नच येणार नाही. बिटलॉकर तात्पुरतं थांबवा (सस्पेंड). ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रीएजंटसी ही (विंडोजची दुरुस्ती-व्यवस्था चालू-बंद करणारी) आज्ञा डिसेबल पर्यायासह चालवा. त्याने दुरुस्तीची फाइल सी वर येते. व्हिडिओवाले नेमकी हीच पायरी गाळतात. त्यानंतरच डिस्कपार्टमधून (विंडोजचं आज्ञा टाइप करून चालणारं डिस्क-साधन) रिकव्हरी पार्टिशन ओव्हरराइड (संरक्षण असलं तरी काढ, असं सांगणारा पर्याय) लावून काढा. मग डी काढा आणि सी वाढवा.

सी नंतर १ जीबीचं नवीन रिकव्हरी पार्टिशन करा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य लोकांकडे अडकलं होतं, कारण त्यांच्या रिकव्हरीत पुरेशी जागा नव्हती. त्यामुळे कंजूषी नको. त्याला द्यायचा लांबलचक प्रकार-क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या पानावरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. मग रीएजंटसी एनेबल. उरलेल्या जागेत नवा डी. त्याला अक्षर डी च द्या, नाहीतर तुमच्या संपादनाच्या प्रकल्पांना फाइली सापडणार नाहीत.

कृष्णाकाठ

मान्य. विजेचं माझ्या लक्षात आलं नाही. एकच भर घालतो: दुसरी प्रत तयार होईपर्यंत लॅपटॉपवर नवीन ध्वनिमुद्रण चढवू नका. आणि निकड असेल तर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद करायची सोय) बंद करा, सी वरची काही जीबी लगेच सुटतील.

रानजाई

झालं! थोडं सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

२१२ जीबी कॉपी व्हायला पहिल्या डिस्कवर तासभर लागला. बाइट जुळवले तर चार फाइली कमी. त्यांचे मार्ग फार लांब होते, फोल्डरांची नावं म्हणजे अख्खी ओवीच लिहिलेली. नावं आखूड करून पुन्हा कॉपी केल्यावर दोन्हीकडे आकडे तंतोतंत जुळले. मी नुसतं "कॉपी पूर्ण" वाचून पुढे गेले असते तर त्या चार गेल्या असत्या.

डी काढताना हात थरथरत होते, पण डिस्क कपाटात होत्या. आता सी १६० जीबी, रिकव्हरी १ जीबी, डी ३१५ जीबी. अडकलेलं अपडेटही बसलं.

परत आणलेल्यांतली पहिली फाइल २०१४ ची लावली. जात्याची घरघर, मध्येच मागे कोंबडा, आणि मग आजीचा आवाज. पूर्ण ऐकली.

एक डिस्क आता कराडला बहिणीकडे ठेवली आहे. पेठेतला, कृष्णाकाठ, तुमचे मनापासून आभार.