जुनी गाडी 'जशी आहे तशी' घेतल्यावर काय काय निघालं? अनुभव सांगा

मांजराकाठ
काल शेजारच्या पोरानं जुनी डिझेल गाडी आणली. हार, नारळ, गल्लीतल्या लेकरांना पेढे. कागद बघून द्या म्हणून माझ्याकडं आला. पाचशेच्या बॉण्डवर एक ओळ होती, "गाडी जशी आहे तशी पाहून, चालवून घेतली आहे, यापुढे कसलीही तक्रार चालणार नाही." ती वाचली आणि २०१८ सालची माझी गाडी आठवली. तेव्हा बॉण्ड शंभरचा होता, ओळ हीच होती.

वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं. दर आठवड्याला गावाहून लातूर. एसटीत त्यांना बसवत नव्हतं, भाड्याच्या गाडीला पैसे पुरत नव्हते. सोयाबीनचे पैसे हातात होते, त्यात थोडी उसनवारी करून १ लाख ९० हजारांना डिझेल हॅचबॅक घेतली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. आम्ही जायच्या आधीच मालकानं इंजिन गरम करून ठेवलं होतं, त्यामुळं थंड गाडी कशी उचलते ते दिसलंच नाही. डिसेंबर लागला तशी सकाळी स्टार्ट होईना. आधी ग्लो प्लग (थंडीत डिझेल इंजिन आतून तापवणारे) बदलले. मग इंजेक्टर काढून टेस्टिंगला लावले, तर चारपैकी तीन डिझेल मागं (रिटर्नला) जास्त सोडत होते. ते काम उरकतंय तोवर मुरूडच्या अलीकडं टेंपरेचरचा काटा एकदम वर. वडील मागच्या सीटवर, नुकतं डायलिसिस करून निघालेले. रेडिएटर उघडला तर आतल्या नळ्या क्षारानं बुजलेल्या. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं, कूलंट कधी घातलंच नव्हतं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, द्यावं लागलं.

पहिल्या वर्षात सगळं मिळून ८५ हजार. मिस्त्रीनं उधारीवर काम केलं, निम्मे पोळ्याला घेतले, निम्मे दिवाळीला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

बॉण्डवरच्या आकड्याशेजारी पहिल्या वर्षाच्या कामाचा आकडाही मांडावा आणि तेवढी रक्कम घरात असेल तरच इसार द्यावा, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. आपल्याकडं शेवटचा रुपया गाडीच्या किमतीतच जातो आणि पहिल्या बिघाडाला सावकाराचं दार. तुमच्याकडं काय निघालं, किती गेले, कोणी सांभाळून घेतलं ते लिहा. घेणाऱ्यांच्या कामाला येईल.

बालाघाट२३
टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा). ४२ हजार. मांजरसुंब्याच्या घाटात पिकअप गेला, मागं निळा धूर. सविस्तर रात्री लिहितो, कापूस वेचायला माणसं आलीत.

तेरणामाय
मांजराकाठ दादा, वडील कसे आहेत आता?

मांजराकाठ
२०२१ ला गेले ताई. शेवटपर्यंत त्याच गाडीतून नेलं त्यांना.

तेरणामाय
🙏 माझ्या सासऱ्यांचंही हेच चालू आहे. गाडी चैनीसाठी घेतली असं लोक म्हणतात, पण दवाखान्याच्या वाटेवर माणूस असला की कळतं. लिहिलंत ते बरं केलंत.

गोदाकाठ (नांदेड)
पुराची गाडी. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या भागात चकाचक पॉलिश केलेल्या गाड्या लई स्वस्तात दिसायला लागल्या. माझ्या मेव्हण्यानं एक घेतली. आत अत्तराचा वास इतका की डोकं दुखायचं. पहिला पावसाळा लागला आणि वायपर चालू केला की हॉर्न वाजायचा, पॉवर विंडो मधेच बंद. इलेक्ट्रिशियननं ईसीयूचं (गाडीच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढलं तर पिना हिरव्या पडलेल्या. वायरिंग हार्नेस, एअरबॅगचं मोड्युल, मागच्या चाकाचं बेअरिंग... १ लाख १० हजार घालूनही एअरबॅगचा दिवा विझला नाही.

बघायचं कसं ते सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या भागावर गाळाची रेघ राहते. सीट पुढं सरकवून खालचे रूळ बघा, गंज असेल तर विचारा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. सप्टेंबर २०२५ ला आपल्याच मांजरा, सीना, तेरणा, गोदावरीच्या काठानं किती गाड्या बुडाल्या हे आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही धुऊन पुसून बाजारात येणारच. बिचाऱ्या मालकाचंही नुकसानच झालंय, पण सांगून विकावी.

सोनपेठची लेक
आमच्याकडं क्लच आणि एसी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून १४ हजार. एसीचा कंप्रेसर मी बदलू दिला नाही, परभणीच्या उन्हाळ्यात काचा खाली करून फिरलो, ते पैसे लेकराच्या फीला लागले.

पण मला दुसरंच सांगायचंय. माझ्या भावानं गाडी *विकली*, आणि त्रास त्याला झाला. घेणाऱ्यानं नाव चढवलंच नाही. पुढं त्या गाडीनं अपघात झाला आणि भरपाईच्या दाव्याची नोटीस भावाच्या घरी आली. आई दोन दिवस जेवली नाही.

कोर्टाची पायरी
ताई, हे फार होतं. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. मधे गाडी कितीही हात फिरली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठीचे अर्ज म्हणजे नमुना २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

सोनपेठची लेक
धन्यवाद सर. भावाला वाचून दाखवते. प्रकरण अजून परभणीला चालू आहे.

दहाबाराचा पाना
मी छत्रपती संभाजीनगरला गॅरेज चालवतो. गिऱ्हाईक गाडी घेतल्यावर आणतं, घेण्याआधी कोणी आणत नाही. आमच्या उस्तादांचं एकच सांगणं असायचं, "पैसे देनेके पैले दिखाव बाबा, बाद में मैं क्या करू." बघायचे पाचशे-हजार घेतो आम्ही. त्यानं लाख वाचतात.

थंड इंजिनवरच बघायचं. मालकाला आधी सांगा, मी येईपर्यंत चावी लावू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर संध्याकाळी परत जा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. खालून भकाभका धूर आणि झाकण उडायला लागलं तर रिंग-पिस्टन गेलेत, इंजिनचं काम आलं. झाकणाच्या आत चहात दूध पडल्यासारखा रंग असला तर पाणी ऑइलमधे जातंय. आणि ज्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे तिथं बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो, हेड खोलावंच लागतं.

बोअरच्या पाण्याचं मांजराकाठ बरोबर बोलले. आपल्याकडं दहा जुन्या गाड्या खोला, बहुतेकांच्या रेडिएटरमधे क्षार. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

कन्नडचा पोरगा
टायरचं पण सांगा की पाना भाऊ

दहाबाराचा पाना
हो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं होतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, असल्या टायरवर जालन्याहून चढू नका. घरच्यांना घेऊन तर नाहीच.

कन्नडचा पोरगा
आत्ता खाली जाऊन बघितलं. मागचे दोन २०१६ चे निघाले. उद्याच बदलतो. धन्यवाद भाऊ

हिंगोली३८
मीटर फिरवलेलं. दाखवत होतं ६४ हजार, कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदीत तीन वर्षांपूर्वीच १ लाख ४६ हजार. गाडी नंबरावरून सर्व्हिस सेंटर नोंद दाखवतं, मालकाला सोबत न्या. तो यायला का कू करायला लागला की समजा.

उदगीरचा सर
उदगीर भागात चांगला एसीवाला कोणी आहे का? कूलिंग कॉइल लीक आहे म्हणतात, डॅशबोर्ड पूर्ण खोलावा लागेल म्हणून १८ हजार सांगितले.

देवणीकर
सर, व्यक्तिगत निरोप टाकला. डॅशबोर्ड खोलायचाच असेल तर हीटरची कॉइल पण तेव्हाच बघून घ्या, मजुरी एकदाच लागेल. पाऊस आहे का तिकडं?

उदगीरचा सर
भुरभुर. हरभऱ्याला चांगली आहे.

देवणीकर
आमच्याकडं नुसतं आभाळ. तूर फुलात आहे, असंच राहिलं तर अळी पडते.

जालन्याची मोसंबी
सगळे वाईटच लिहायलेत म्हणून चांगलं लिहिते. आमची पेट्रोल गाडी, निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडून घेतली. त्यांनी स्वतः वही काढून दाखवली, प्रत्येक ऑइल बदलीची तारीख. कुठं घासली होती तेही बोट ठेवून दाखवलं. बाजारभावापेक्षा २५ हजार जास्त दिले आणि आनंदानं दिले. पहिल्या वर्षी बॅटरी आणि ब्रेक पॅड, बाकी काही नाही. माणूस बघून गाडी घ्यावी असं माझे मिस्टर म्हणतात, मला ते पटतं.

वैजापूरचा वारकरी
दिल्लीची गाडी. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांची बंदी कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या गाड्या आपल्याकडं यायला लागल्या. किंमत बघून माणूस हरखतो. पण नमुना २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. एजंट बोलला होता सगळं किमतीत आहे, बॉण्डवर मात्र तसं एक अक्षर नव्हतं. त्या टॅक्सच्या पैशात माझं सस्पेन्शनचं काम झालं असतं. लोअर आर्म, बुश, चारी शॉकअप अजून बाकी आहेत.

धाराशिव२५
बीएस६ डिझेल कोणी सेकंडहँड घेत असेल तर डीपीएफ बघा, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. माझी शाळा घरापासून चार किलोमीटर. एवढ्याशा चालण्यात तो फिल्टर तापतच नाही, काजळी जळत नाही, भरत जातो. नवीन एक लाखाच्या वर सांगितला. काढून टाका म्हणणारे भेटतात, मी नाही ऐकलं, पीयूसीला आणि आपल्याच लेकरांच्या छातीला ते बरं नाही. वेळेत सफाई करून घेतली आणि आता अधूनमधून तुळजापूरपर्यंत एका दमात नेतो. आईचं दर्शनही होतं.

मांजराकाठ
कोर्टाची पायरी सर, त्या बॉण्डवरच्या ओळीचं काय? खरंच काहीच करता येत नाही का? शेजारच्या पोराला सांगायचंय.

कोर्टाची पायरी
ती ओळ विकणाऱ्याला बरंच संरक्षण देते, पण सगळं नाही. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकला, मीटर फिरवलं, अपघात लपवला तर करार कायदा १८७२, कलम १७ प्रमाणे ती फसवणूक ठरू शकते. सिद्ध तुम्हाला करावं लागतं. नुसतं गप्प राहण्याचा मुद्दा असेल तर समोरचा म्हणतो, साधी तपासणी केली असती तरी कळलं असतं, आणि कायद्यात त्याला तेवढी जागा आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, "अपघात झालाय का, इंजिन खोललंय का, मीटर खरं आहे का?" उत्तर जपून ठेवा. जाहिरातीचा फोटोही.

विकणारा धंदा म्हणून गाड्या विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुमच्यासारखा घरगुती मालक असेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथं लागणारा वेळ बघता मी माझ्या पक्षकाराला आधी बसून मिटवायलाच सांगतो. गावात चार माणसांपुढं अर्धा खर्च देणारे विकणारे मी पाहिलेत.

गोदाकाठ (नांदेड)
मेव्हण्याला ३० हजार परत मिळाले असेच. डीलरच्या वडिलांनी दिले, आम्ही घरी गेलो होतो. म्हातारा भला माणूस.

तेरणामाय
विम्याचं पण कोणीतरी लिहा. आम्ही नाव बदललं आणि विमा तसाच राहिला होता.

कोर्टाची पायरी
थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) गाडीबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडं बदल करून घ्या. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) जुन्या मालकाचा, तो मिळत नाही, थोडा फरक भरावा लागेल.

बालाघाट२३
आलो. गाडी सात सीटर, ऊसतोडीला गेलेल्या माणसांना ने-आण करायला घेतली होती, किंमत ३ लाख २०. घेताना लेन्स लावून सगळं बघितलं, मिस्त्री सोबत होता, त्यानं इंजिन चांगलं सांगितलं आणि इंजिन खरंच चांगलं होतं. टर्बो तेवढा कोणी तपासला नाही. घाटात भरलेली गाडी, बाया, लेकरं, भांडी, आणि दुसऱ्या गिअरला पण ओढेना. इंटरकूलरचा पाइप काढला तर आतून ऑइल गळालं. रात्र ढाब्यावर काढली, ढाबेवाल्यानं लेकरांच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत. नवा टर्बो बसवून आता वर्ष होत आलं, पण परत बारीक शिट्टी यायला लागली आहे.

दहाबाराचा पाना
टर्बो बदलताना ऑइल फीडचा बारका पाइप नवा टाकला का?

बालाघाट२३
नाही वाटतं. बिलात दिसत नाही.

दहाबाराचा पाना
मग आधी तो काढून बघा. आत काजळी धरलेली असली की नव्या टर्बोला पण ऑइल पुरत नाही. पाइप आणि त्याचा बोल्ट दोन्ही बदला, सोबत ऑइल फिल्टर. आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर आयडलला राहू द्या. शिट्टी पाइपाच्या क्लिपमधूनही येते, क्लिप आवळून बघा, तेवढ्यावर भागलं तर तुमचे पैसे वाचले.

बालाघाट२३
उद्या सकाळीच खोलतो भाऊ. माणसं परवा निघणार आहेत कारखान्याला.